एकट्यानं जायचं म्हणजे

आपण आयुष्यात एकटे असे कधी होतो, याचा एकदा मी हिशेब मांडून बघितला. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे हिशेब मांडायची सवय आहे, आणि तो जुळला नाही तर जेवण जात नाही. जन्म सदाशिव पेठेतल्या वाड्यातला. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं आणि दहावा पाहुणा. माणूस बदले, पाहुणा कायम. रात्री मी कूस बदलली की शेजारच्या भावालाही बदलावी लागे. पुढे नोकरी लागली. काउंटरच्या अलीकडे मी आणि पलीकडे उभा महाराष्ट्र. मग लग्न, मग मुलगी, मग मुलीची शाळा. राहता राहिली न्हाणीघरातली दहा मिनिटं. त्यातही तिसऱ्या मिनिटाला बाहेरून कडी वाजायची. अडुसष्ट वर्षांची शिल्लक : शून्य.

हा हिशेब सुचायला कारण झालं योसेमिटी. आमची मुलगी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते. २०२४ साली मार्चमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, आणि एका शनिवारी सगळ्यांनी मिळून योसेमिटी नॅशनल पार्क 'पाहिलं'. जाताना चार तास मोटारीत, येताना चार तास मोटारीत, आणि मधला एक तास मोटार उभी करायला जागा शोधण्यात. उरलेल्या वेळात आम्ही पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली, नातवाला दोनदा शू करायला नेलं आणि धबधब्याचे फोटो काढले. सातशे एकोणचाळीस मीटर उंचीचा तो धबधबा आमच्या एकाही फोटोत पुरता आलेला नाही. पुढे आम्ही उभे आहोत ना!

निघताना एक गोरा म्हातारा दिसला. एका दगडावर बसून सफरचंद खात होता. शेजारी कोणी नाही, हातात फोन नाही आणि आत्ता आपल्याला कोणीतरी हाक मारील अशी धास्तीही चेहऱ्यावर नाही. इतका हेवा मला त्यापूर्वी फक्त वेळेआधी बढती मिळालेल्या सहकाऱ्यांचा वाटला होता.

त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं, "मी पुन्हा योसेमिटीला जाणार आहे. तीन दिवस. पायी हिंडायला. एकटा."

मुलीनं आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाली, "बाबा, पण गाडी?"

अमेरिकेत "गाडी?" हा प्रश्न आपल्याकडच्या "पोट कसं भरणार?" या चालीवर विचारतात. ज्याला मोटार चालवता येत नाही तो तिथे अपंगातच जमा. मी आयुष्यभर सायकल आणि एसटी यांच्या भरवशावर हिंडलो. गाडी नाही म्हणून माझं कुठे काही अडलंय असं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. जावई स्वभावानं फार चांगला. तो लगेच म्हणाला, "बाबा, मी सोडतो ना. तिथे राहतो. तुम्ही हिंडा, मी लांबून येत राहीन. तुम्हाला कळणारसुद्धा नाही." म्हणजे मी पुढे एकटा आणि मागून जावई एकटा! असं एकटं जायचं तर मग वरातीतला नवरदेवही एकटाच म्हणायचा.

शेवटी मी स्वतः शोधायला बसलो. या शोधात जी मजा आली ती प्रत्यक्ष प्रवासातही आली नसेल. फ्रीमाँटहून बार्ट नावाची लोकल थेट रिचमंडला जाते. तिथेच अॅमट्रॅकची रेल्वे मिळते, ती मर्सेडला सोडते. मर्सेडहून यार्ट्सची बस नदीच्या काठाकाठानं थेट योसेमिटीच्या दरीत. दरीत हिंडायला फुकट बस. उद्यानाची प्रवेश फीसुद्धा यार्ट्सच्या तिकिटातच धरलेली! आणि त्या वर्षी मोटारवाल्यांना मे-जूनच्या शनिवार-रविवारी गर्दीच्या वेळी आत शिरायला आधी नाव नोंदवावं लागत होतं. बसनं येणाऱ्याला त्याची गरज नव्हती. मी जाणार होतो मंगळवारी, तेव्हा या सवलतीचा मला कवडीचा उपयोग नव्हता. तरी ती मी जावयाला तीनदा वाचून दाखवली.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली. योसेमिटीत पहिली मोटार शिरली १९०० साली. १९०७ साली मोटारींना चक्क बंदी झाली आणि १९१३ साली ती उठली. म्हणजे मोटारीशिवाय तिथे जाणं हा माझा म्हातारचळ नव्हता, ती मूळ परंपराच होती. त्या परंपरेचे आद्यपुरुष म्हणजे जॉन म्यूर. हे गृहस्थ १८६८ साली बोटीनं सॅन फ्रान्सिस्कोला उतरले आणि ओकलंडहून पायी निघाले. सांता क्लाराच्या खोऱ्यातून, म्हणजे मुलीच्या घराच्या बाजूनंच, पुढे पाचेको खिंड ओलांडून चालत चालत योसेमिटीला पोचले. योसेमिटी नॅशनल पार्क झालं १८९० साली, त्यात या माणसाच्या लिखाणाचा मोठा हात. मी ताबडतोब त्यांना गुरू केलं. नातवालाही गोष्ट सांगितली : एक माणूस, एकटा, दऱ्याखोऱ्यांतून...

दुसऱ्या दिवशी नातू, वय वर्षं नऊ, शाळेच्या ग्रंथालयातलं पुस्तक घेऊन आला. "आजोबा, ही वॉज नॉट अलोन." बोटीवर भेटलेला चिलवेल नावाचा एक इंग्रज त्या साऱ्या वाटेवर म्यूरबरोबर होता. मी पुढे वाचलं तर हाच प्रकार. १९०३ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट लव्याजम्याला टाळून म्यूरबरोबर योसेमिटीत तीन रात्री उघड्यावर झोपले, हे सगळे कौतुकानं सांगतात. त्यांच्या दिमतीला दोन रेंजर होते आणि खेचरं सांभाळायला एक माणूस, हे कोणी सांगत नाही. त्या रेंजरांपैकी एकजण स्वयंपाकही करत होता. मग मला संशयच येऊ लागला. वॉल्डनच्या तळ्याकाठी दोन वर्षं एकटा राहिलेल्या थोरोचं चरित्र काढलं. जमीन इमर्सनची, कुऱ्हाड उसनी आणलेली, घराचा सांगाडा उभा करायला मित्र हाताशी, आणि मधूनमधून गावात घरी जेवायला चक्कर! गाव दीड-दोन मैलांवर. आमचा एक बँकेतला मित्र बायकोशी भांडण झालं की कोथरूडच्या बहिणीकडे जाऊन राहायचा, त्याहून हे काही फार लांब नव्हे.

या सगळ्या दिवसांत सौ. एक अक्षर बोलली नव्हती. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात मी एवढं शिकलो आहे की तिचं बोलणं ऐकलं नाही तरी एकवेळ चालतं, न बोलणं मात्र नीट ऐकावं लागतं. चौथ्या दिवशी ती भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "एकटं जायचंय म्हणजे माझ्याशिवाय जायचंय. असंच ना?"

"तसं नाही गं," मी म्हटलं.

"मग कसं?"

आता मग कसं? मी तिथून उठलो आणि मागल्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसलो. खरोखरच, मग कसं? एकटं असावंसं वाटणं आणि आपली माणसं नकोशी वाटणं यांत फरक आहे, हे मला आतून पक्कं माहीत होतं. पण तो फरक भेंडी चिरणाऱ्या माणसाला सांगता येईना. तहान लागली म्हणजे भुकेवर राग असतो असं नाही, असं एक वाक्य मनात जुळवलं. पण ते तिच्यासमोर म्हणायचा धीर झाला नाही. शिवाय ते खरं होतं का? त्या दगडावरच्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला तेव्हा मला नक्की काय हवं होतं? धबधबा हवा होता, की "अहो, स्वेटर घाला" असं कोणी न म्हणणं हवं होतं? हिशेबाची वही उघडली म्हणजे नोंद खरी करायला हवी. दोन्ही हवं होतं. कदाचित दुसरं थोडं जास्त.

अडचण आली की आपण मराठी माणसं उपनिषदांकडे धावतो. बृहदारण्यकात म्हटलंय, आरंभी तो एकटाच होता. एकटा होता म्हणून आधी भ्याला. मग त्यानं विचार केला, दुसरं कोणी नाहीच तर भ्यायचं कोणाला? भीती गेली. पण मग त्याला करमेना, आणि दुसऱ्याची इच्छा झाली. तिथून पुढे हा सगळा पसारा. म्हणजे ज्याच्यापासून सगळं निघालं त्यालाच एकट्यानं करमलं नाही, तर मी कोण? पण मी उलट बाजूनंही मांडून बघितलं : त्याला निदान न करमण्याइतका वेळ तरी मिळाला होता!

त्याच ग्रंथात याज्ञवल्क्य आहेत. घर सोडून निघायचं ठरवतात तेव्हा मैत्रेयीला बोलावून म्हणतात, तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. मैत्रेयी विचारते, या धनानं मी अमर होईन का? त्यावर पुढचा सगळा थोर संवाद होतो. शाळेत हे वाचलं तेव्हा मैत्रेयीचं फार कौतुक वाटलं होतं. लिंबाच्या झाडाखाली बसून पहिल्यांदा मनात आलं, की कात्यायनी काय म्हणाली? ते उपनिषदात नाही. ती बहुधा भेंडी चिरत असावी.

आणि आपल्या घरचे तर तुकोबा. एकांतासाठी भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे. आणि आवली डोक्यावर भाकरी घेऊन, नवरा कुठे बसलाय ते शोधत डोंगर चढायची. तिच्या पायात काटा मोडला आणि तो विठोबानं येऊन काढला, अशी कथा कीर्तनकार सांगतात. लहानपणी ऐकताना मला विठोबा धावून आल्याचा आनंद व्हायचा. आता वाटतं, मुळात काटा मोडला तो कोणाच्या एकांतापायी? ज्या ज्या एकट्याची कथा उघडावी, तिच्यात कोणीतरी भाकरी घेऊन चढताना दिसतं. तुकोबांचं एक वेळ ठीक. त्यांनी त्या एकांतातून जगाला काही दिलं. मी योसेमिटीहून काय आणणार होतो? फार तर फ्रिजला चिकटवायचं एक चुंबक.

एवढं सगळं कळलं, म्हणून बेत रद्द केला का? नाही केला. कळण्याचा आणि करण्याचा संबंध आमच्या बँकेतही क्वचितच असे.

तयारी सुरू झाली आणि घर लग्नघरासारखं गजबजलं. उद्यानवाल्यांचा एकट्यानं हिंडणाऱ्यांना सल्ला असा, की आपण कुठल्या वाटेनं जाणार आणि कधी परतणार ते कोणाला तरी सांगून ठेवा. थोडक्यात, एकट्यानं जाण्याआधी दुसरा माणूस जमवा. मुलीनं माझ्या तीन दिवसांचा तक्ता केला. तो तिनं पुण्याला माझ्या भावाला पाठवला, भावानं वहिनीला दाखवला, आणि वहिनीनं सौ.ला फोन करून विचारलं, "भावोजींचं काही बिनसलंय का?" जावयानं दोनशे डॉलरचे बूट आणले आणि किंमत ऐंशी सांगितली. कोपऱ्यावरच्या बागेत रोज एक चिनी आजोबा फिरायला यायचे. त्यांची आणि माझी ओळख हसण्यापुरती, कारण समाईक भाषा एकही नाही. नातवानं त्यांच्या नातवाला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्या दोन्ही काठ्या घेऊन दारात उभे. नातवानं स्वतःची शिट्टी दिली, वर अस्वलाचा धडाही दिला : "आजोबा, अस्वल आलं तर पळायचं नाही. मोठ्ठं दिसायचं आणि ओरडायचं." पस्तीस वर्षं मॅनेजरसमोर लहान दिसण्याचा सराव केलेल्या माणसाला हे एकदम कसं जमणार!

अस्वलांचा नियम तर फार कडक. तिथे मोटारीत किंवा तंबूत रात्री खायचं काही ठेवायचं नाही. वासाचं जे जे असेल ते लोखंडी पेटीत कुलूपबंद करायचं. साबण आणि टूथपेस्टसुद्धा. मी हे मोठ्यानं वाचत होतो, कारण सौ. तेव्हा लसणीची चटणी कुटत होती. माझी राहायची जागा होती करी व्हिलेजमधला एक तंबू. करी नावाच्या जोडप्यानं १८९९ साली ही तंबूंची वसाहत सुरू केली. सौ.नं नाव ऐकलं आणि म्हणाली, "चला, म्हणजे जेवणाची सोय आहे." पण चटणी कुटणं थांबवलं नाही.

चढायचं कुठे, हाही प्रश्न होता. व्हर्नल धबधब्याच्या वाटेवर दगडी पायऱ्याच सहाशेच्या वर. पर्वतीच्या पायऱ्या एकशे तीन. सहा पर्वत्या सलग, त्याही पाण्याच्या तुषारांत भिजत! त्यापेक्षा मोठ्या धबधब्याच्या वाटेवरचा कोलंबिया रॉक बरा वाटला. चढ एकच मैल, पण त्या मैलात हजार फूट वर नेतो. खुणेला पेन्सिलीनं गोल केला. मग मोजून बघितलं : माझ्या एकट्यानं जाण्यात आतापर्यंत अकरा माणसं गुंतली होती. बसमधली आणि रेल्वेतली वेगळीच. मोटारवाला निदान दारापासून दारापर्यंत एकटा जाऊ शकतो. बिनमोटारीच्या माणसाला एकटेपणापर्यंत पोचायलासुद्धा भरलेली बस लागते.

निघायच्या आदल्या रात्री मला राहवेना. ताटावर बसलेलो असतानाच म्हटलं, "अगं, तूही चल. दोन तिकिटं काय, एक काय."

मला वाटलं होतं, तिचे डोळे भरून येतील. ती म्हणाली, "नको हो. मी त्या तीन दिवसांचं ठरवलंय."

"काय ठरवलंयस?"

"काही नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार. ही दोघं ऑफिसला, बाळ शाळेत, तुम्ही तिकडे. साडेआठ ते साडेतीन घरात मी एकटी. लग्न झाल्यापासून एक कप चहा कधी केला नाही मी. दोन तरी, नाहीतर सहा. एकदा आपला एक कप करून बघेन म्हणते."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्याशिवाय. असंच ना?"

बोलून गेल्यावर मला ते वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. सौ.नं काही उत्तर दिलं नाही, आमटी वाढली. तीन आठवडे मी एकांताचा हक्क उपनिषदांपासून थोरोपर्यंत शाबीत करत होतो, आणि तोच हक्क तिनं एका कपाएवढा मागितला तर माझा घास घशात अडकला. याज्ञवल्क्य निघायला उभे आहेत आणि आतून कात्यायनी म्हणते आहे, "या हो, सावकाश या, मलाही जरा बरं वाटेल." ऋषींनी कदाचित बेतच रद्द केला असता. रात्री मला झोप लागली नाही. मी नसताना हिला बरं वाटणार, ही कल्पना अडुसष्टाव्या वर्षी पचायला जड जाते. तिलाही मी गेले तीन आठवडे तीच पचवायला लावली होती, हे पहाटे कधीतरी लक्षात आलं. तिनं मात्र त्या काळात चटणी कुटली, लाडू वळले. मी काहीच वळलं नाही.

प्रवास ठरल्यासारखा झाला. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी कोलंबिया रॉकवर पोचलो. समोर हाफ डोम, खाली दरी, हातात चिनी आजोबांच्या काठ्या. बसलो. एकटा. घड्याळ बघून सांगतो, नऊ मिनिटं. दहाव्या मिनिटाला एक कुटुंब आलं आणि त्यांनी मला त्यांचा फोटो काढायला सांगितलं. मी काढला, हाफ डोम त्यांच्या मागे झाकून. मग डबा उघडून बेसनाचा लाडू खाल्ला, चहूकडे अस्वलासाठी नजर ठेवून. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मी स्वतःच स्वेटर घातलं.

फोनला तिथे रेंज होती. काढला. साडेदहा. आत्ता ती चहा टाकत असेल. पोचलो, बरा आहे, एवढं सांगायला काय हरकत होती? पण तो तिच्या एका कपातला अर्धा कप झाला असता. फोन खिशात ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा काढला. पुन्हा ठेवला. उतरेपर्यंत हे किती वेळा झालं ते मोजलं नाही. संध्याकाळी मात्र तक्त्यात ठरल्याप्रमाणे मुलीला फोन केला. "आई काय म्हणते?" विचारलं, तर म्हणाली, "मजेत आहे."

गुरुवारी रात्री परत आलो. सगळ्यांनी अस्वलाची चौकशी केली. अस्वल दिसलं नाही म्हणून नातू नाराज झाला. शिट्टी परत केल्यावर त्यातल्या त्यात बरा झाला. सगळे झोपायला गेल्यावर मी सौ.ला विचारलं, "काय? केलास का एक कप चहा?"

"केला की. पहिल्या दिवशी दोन कपच झाला. हाताला सवय ना."

"मग? एक टाकून दिलास?"

"टाकायचा कशाला?" पांघरुणाची घडी उलगडत ती म्हणाली. "दोन्ही मीच प्यायले. छान झाला होता."